शककर्ता शालिवाहन आणि त्याची माउली

मी काही लेखिका नव्हे. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढे संसार झाला, आणि लिहिणे म्हणजे वाण्याची यादी आणि माहेरची पत्रे एवढेच हाती राहिले. तरी मंडळाच्या चिटणीस बाईंनी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच म्हणून गळ घातली, तेव्हा नाही म्हणवेना. विषय मात्र मला शोधावा लागला नाही. तो एका लहान मुलीने माझ्या पदरात टाकला.

मागे पाडव्याला आपल्या मंडळाने मुलांसाठी गोष्टींचा कार्यक्रम ठेवला होता. मी शालिवाहन राजाची गोष्ट सांगितली. आमच्या सासूबाई दर पाडव्याला गुढीला कडुनिंबाची डहाळी बांधता बांधता ती सांगत, म्हणून मला ती तोंडपाठ. मातीचे सैनिक जिवंत झाले तिथे मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळे संपल्यावर चौथीतली एक मुलगी उठली आणि तिने शालिवाहनाच्या आईचे नाव विचारले. मला ते सांगता आले नाही. घरी येऊन सासूबाईंना विचारले, त्यांनाही ठाऊक नव्हते. जन्मभर ज्या राजाचे नाव लग्नपत्रिकेत छापले, सत्यनारायणाच्या संकल्पात ऐकले, त्याच्या आईचे नाव आपल्याला ठाऊकही नसावे, ही गोष्ट मनाला लागली. मग वाचनालयातून पुस्तके आणून, दुपारच्या वेळी धुणेभांडे आटोपल्यावर जे वाचले, ते माझ्या भाषेत पुढे मांडते.

प्रथम गोष्ट सांगते.

गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नावाचे नगर होते. तेच आपले पैठण. एकदा परमुलखातून दोन ब्राह्मण भाऊ तिथे आले. बरोबर त्यांची विधवा बहीण होती, वयाने लहानच. राहायला जागा नव्हती, म्हणून एका कुंभाराने त्यांना आपल्या घरात आसरा दिला. भाऊ भिक्षा मागून आणीत, बहीण गोदेचे पाणी भरून स्वयंपाक करी. एके दिवशी ती पाण्याला गेली असता डोहातल्या नागराजाने, म्हणजे शेषाने, तिला पाहिले. तो मनुष्यरूपाने वर आला. पुढे तिला दिवस गेले.

दोघा भावांच्या ते ध्यानात आले, तेव्हा एकाला दुसऱ्याचा संशय आला आणि दुसऱ्याला पहिल्याचा. बहिणीला कोणीच काही विचारले नाही. दोघेही तिला तिथेच टाकून आपापल्या वाटेने निघून गेले. परके गाव, पोटात मूल, आणि आपले म्हणावे असे कोणी नाही. अशा वेळी त्या कुंभाराने तिला दाराबाहेर काढले नाही. तिची जात त्याची नव्हती, तिचे मूल त्याचे नव्हते, आणि गाव काय म्हणेल हे त्याला कळत नव्हते असेही नाही. तरी त्याने तिला ठेवून घेतले. त्याच्या चाकाच्या आणि आव्याच्या शेजारी तिला मुलगा झाला. हाच शालिवाहन.

इथे मला घडलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या तालुक्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास जोडपी ऊसतोडीला जातात हे सर्वांना ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी एक बाई मधूनच एकटी परत आली. नवऱ्याने टाकले होते आणि ती गरोदर होती. आपल्या गल्लीत तिने खोली मागितली. तीन दारे तिने ठोठावली, त्यांत एक माझे होते. आमची मागची खोली त्या वेळी रिकामी होती. मी दार अर्धेच उघडले आणि मालक घरी नाहीत असे सांगून लावून घेतले. मालक घरातच होते. पुढे एका म्हातारीने तिला आपली ओसरी दिली. शालिवाहनाची गोष्ट मी त्यानंतरही दर पाडव्याला सांगत आले, पण त्यातल्या कुंभाराकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते.

असो. मूल मोठे होऊ लागले. कुंभारवाड्यात खेळायला मातीवाचून दुसरे काय असणार? तो मातीचे हत्ती, घोडे, रथ करी. सवंगडी जमवून राजा होऊन बसे आणि एकेकाला ही वाहने बक्षीस देई. वाहने देणारा म्हणून त्याचे नाव सातवाहन पडले, असे जुन्या जैन ग्रंथकारांनी लिहिले आहे. चौदाव्या शतकातल्या जिनप्रभसूरींच्या ग्रंथात पैठणची ही हकीकत आली आहे.

त्याच्या बुद्धीचीही एक आख्यायिका सिंहासनबत्तिशीत आहे. एका सावकाराने मरताना चार मुलांना चार मडकी ठेवली. एकात माती, दुसऱ्यात भुसा, तिसऱ्यात कोळसे आणि चौथ्यात हाडे. मुलांना वाटणीचा अर्थ लागेना. ते गावोगाव हिंडले. शहाण्यासुरत्यांना आणि खुद्द उज्जयिनीच्या विक्रमराजाच्या दरबारालाही ते कोडे सुटले नाही. ते पैठणला आले तेव्हा कुंभाराच्या घरातल्या या पोराने उलगडा केला. मातीवाल्याला जमीन, भुसावाल्याला धान्य, कोळसावाल्याला सोनेनाणे आणि हाडेवाल्याला गुरेढोरे. बापाने वाटणी चोख केली होती, ती वाचता मात्र कुंभाराच्या अंगणात आली. चार भिंतींत वाढलेल्या मुलाला शेत, खळे, मूस आणि गोठा एवढे सगळे कुठून ठाऊक असणार? कुंभाराकडे गाडगी-मडकी न्यायला सगळे गाव येते, म्हणून त्याच्या घरचे मूल सगळ्या गावाचे ऐकत वाढते, असे मला वाटते.

ही कीर्ती विक्रमराजाच्या कानी गेली. त्याने मुलाला बोलावणे धाडले. मुलगा गेला नाही. राजाला राग आला आणि तो सैन्य घेऊन पैठणवर चालून आला. मुलाजवळ ना शिपाई ना हत्यार. त्याने रोजचाच खेळ मोठ्या प्रमाणावर मांडला. मातीचे पायदळ केले, मातीचे घोडे केले, मातीचे हत्ती केले. शेषाने मंत्र दिला. आपल्याकडे सांगतात की त्याने पाणी शिंपडले आणि ते सैन्य उठून उभे राहिले. विक्रमाच्या सैन्याला नागांनी दंश केले आणि ते मूर्च्छित पडले. तेव्हा विक्रमाने वासुकीची आराधना करून अमृत मिळवले. पण ते घेऊन येताना वाटेत शालिवाहनाने पाठवलेल्या ब्राह्मणाने दान मागितले. शत्रूचा माणूस आहे हे कळूनही विक्रमाने दिलेला शब्द पाळला आणि अमृत देऊन टाकले. मला ही गोष्ट फार आवडते. आपला राजा जिंकला हे सांगताना सांगणाऱ्याने हरणाऱ्याचा मोठेपणा झाकला नाही.

शेवटी नर्मदा ही हद्द ठरली. उत्तरेला विक्रमाचा संवत आणि दक्षिणेला शालिवाहनाचा शक चालावा असा तह झाला, आणि तो विजयाचा दिवस म्हणजे पाडवा, असे आपली परंपरा मानते.

आता खरे काय, ते पाहू. गोष्ट गोड आहे म्हणून हिशेब सोडून चालत नाही. विक्रम संवत इसवी सनापूर्वी ५७ व्या वर्षी सुरू होतो आणि शालिवाहन शक इसवी सन ७८ मध्ये. दोन्हींत १३५ वर्षांचे अंतर. दोघांनी आपापले शक स्वतः सुरू केले म्हणावे, तर त्यांची लढाई व्हायची कशी? पणजोबा आणि पणतू यांचे भांडण लावण्यासारखे ते होईल. इतिहासकार असे सांगतात की हा शक पहिल्याने कुशाण राजा कनिष्क किंवा माळवा-गुजराथेकडचे क्षत्रप यांच्यापासून चालत आला. क्षत्रप हे शक लोकांपैकी, म्हणून कालगणनेलाही शक हेच नाव. पैठणच्या सातवाहन राजांच्या स्वतःच्या लेखांत हा शक मुळीच नाही. ते राजाच्या कारकिर्दीचे अमुकावे वर्ष एवढेच लिहीत. शालिवाहनाचे नाव या शकाला पुढे कैक शतकांनी चिकटले. १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय पंचांग सुरू केले, तेही याच शकाचे. त्या वर्षी २२ मार्चला चैत्राची पहिली तारीख आणि शके १८७९ धरले.

मग शालिवाहन झालाच नाही काय? तसेही नव्हे. सातवाहन हे राजघराणे खरे होते. याच नावाचे बोलीत सालवाहन, सालाहण, हाल असे होत गेले, आणि संस्कृतात शालिवाहन. काही शतके या घराण्याने दक्षिणेत राज्य केले. गोष्टीतला शालिवाहन हा त्या सगळ्या राजांचा मिळून झालेला एक राजा आहे. अनेक घरच्या मुठी-मुठी तांदळाची एक खिचडी व्हावी तसा.

त्यातली एक मूठ हाल राजाची. सातशे गाथांचा गाथासप्तशती हा संग्रह त्याच्या नावावर आहे. तो संस्कृतात नाही, महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजेत. त्यात देवादिकांपेक्षा शेतकऱ्याची बायको, सासुरवाशीण, पाण्याला जाणारी मुलगी आणि गोदेचा काठ अधिक आहे. राजाच्या नावाच्या पोथीत आपल्यासारख्यांची सुखदुःखे दोन हजार वर्षे जपून राहिली.

दुसरी मूठ कथासरित्सागरातली. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने तो लिहिला. त्यातला सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत असतो. एका राणीने पाणी उडवू नका असे संस्कृतात म्हटले. तिचे मा आणि उदक हे शब्द संधीने एक झाले, आणि राजाला वाटले तिला मोदक हवेत. त्याने मोदक मागवले. राणी हसली. राजा इतका शरमला की अंथरुणाला खिळला. मग त्याने शिकायचे ठरवले. गुणाढ्य पंडित म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो, आणि त्याने शिकवलेही. भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींची शाळा मधेच सुटली आहे. बायकोला येते ते आपल्याला येत नाही, एवढ्यावरून राज्यकर्त्या पुरुषाला लाज वाटली आणि त्याने मोठेपणी पाटी हाती घेतली, ही गोष्ट आपल्या घरांत मोठ्याने वाचण्याजोगी आहे.

तिसरी आणि सर्वांत मोठी मूठ गौतमीपुत्र सातकर्णीची. नहपान नावाच्या क्षत्रपाने नाशिककडचा मुलूख घेतला होता. गौतमीपुत्राने त्याचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक, सगळी नहपानाची. त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे. शकांना जिंकणारा पैठणचा राजा, ही गोष्टीतली आठवण या माणसावरून आली असावी असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

आणि याच राजापाशी मला त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सापडले.

गौतमीपुत्र म्हणजे गौतमीचा मुलगा. त्याच्या मुलाचे नाव वासिष्ठीपुत्र पुळुमावी, म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. बापाचे नाव लावण्याऐवजी हे राजे आईच्या गोत्राचे नाव नाण्यांवर आणि दगडावर मिरवीत. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाचे मोठे लेणे आहे. तिथे गौतमीपुत्राच्या कारकिर्दीच्या २४ व्या वर्षाचा एक लेख आहे. भिक्षूंना जमीन देण्याची ती आज्ञा राजाबरोबर त्याच्या आईच्याही नावाने निघाली आहे, आणि तिथे तिला जिचा पुत्र जिवंत आहे अशी राजमाता म्हटले आहे. त्याच लेण्यात दुसरा लेख आहे, तो नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या १९ व्या वर्षाचा. तो तिने स्वतः कोरवला. आता ती राजाची आजी आहे आणि मुलगा राहिलेला नाही. लेणे भिक्षुसंघाला दान देताना तिने गेलेल्या मुलाची सगळी थोरवी दगडावर लिहवून घेतली. त्याने शक, यवन, पल्हव यांना हरवले, त्याचे घोडे तीन समुद्रांचे पाणी प्याले, तो रयतेच्या सुखदुःखाला आपले मानी, कर धर्माने घेई, आणि आईची सेवा अखंड करी. शत्रू अपराधी असला तरी त्याचा जीव घेणे त्याला आवडत नसे, हेही तिने लिहवले. तिचे नाव बलश्री. गौतमी बलश्री. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत तिचे मन रमे, असे त्या लेखात तिच्याविषयी आहे.

पहिल्या लेखात मुलगा जिवंत असलेली आई आणि दुसऱ्यात मागे राहिलेली आई. मधली वर्षे कशी गेली असतील ते दगड सांगत नाही, पण आपल्याला सांगावे लागत नाही.

आपल्या मंडळाची सहल नाशिक-त्र्यंबकला गेली होती, तेव्हा हे लेणे आपण पाहिले आहे. सगळ्या पायऱ्या चढून, पांडवांचे घर समजून, आपण हात जोडले आणि डबे उघडले. बलश्रीचा लेख तिथेच भिंतीवर होता. आपल्यापैकी कोणाच्या ध्यानातही आला नाही.

तिच्याही आधीची एक राणी आहे, नागनिका. जुन्नरजवळ नाणेघाटात तिचा लांबलचक लेख आहे. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आणि हजारो गाईंची दाने नोंदली आहेत. तिथेच राजघराण्याच्या माणसांचे पुतळे होते. पुतळे नाहीसे झाले, खाली कोरलेली नावे राहिली. त्यांत नागनिकेचे नाव आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बलश्रीच्या त्याच लेखात, आपल्या मुलाने चार वर्णांची सरमिसळ थांबवली, अशीही स्तुती आहे. दगडावर राजघराणे असे बोलले. लोकांनी मात्र आपल्या ओट्यावर बसून सांगितलेल्या गोष्टीत त्याच घराण्याच्या राजाला टाकलेल्या विधवेच्या पोटी घातले, नागाचे मूल केले आणि कुंभाराच्या हातून वाढवले. दगडाने आईचे नाव राखले, गोष्टीने आईचे दुःख राखले. मला दोन्ही हवे आहेत.

आपल्याला हे पाहायला पैठणपर्यंतही जावे लागत नाही. केजहून कळंबवरून पुढे गेले की धाराशिव जिल्ह्यातले तेर लागते. तेच सातवाहनकाळचे तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठण आणि तगर या दोन्ही बाजारपेठांची नावे आहेत. तगरचे कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. गोरोबाकाकांच्या दर्शनाला आम्ही गेलो होतो, तेव्हा तिथल्या वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या भाजलेल्या मातीच्या बाहुल्या आणि जनावरे पाहिली. कोणाच्या तरी हातची, बोटाएवढी. संत गोरा कुंभारांचे गाव तेच, आणि सातवाहनांच्या काळची ही मातीची खेळणी निघाली तीही त्याच मातीत. तेव्हा मला शालिवाहनाच्या सैन्याचा खरेपणा पटला. ते लढायला उठले नसेल, पण मातीचे ते सैन्य मुलांच्या हातात होते खास.

पुढच्या पाडव्याला ती मुलगी पाचवीत असेल. तिला मी सांगणार आहे की गोष्टीतल्या आईचे नाव मला सापडले नाही, पण त्याच घराण्यातल्या एका खऱ्या आईने आपले नाव दगडावर लिहून ठेवले, ते बलश्री. आणि गोष्ट सांगताना कुंभाराच्या दाराशी मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. मातीचे सैनिक जिवंत करणे आपल्या हातचे नाही. दार पुरते उघडणे आहे. आमची मागची खोली हल्ली लाकूडफाट्याने भरली आहे. ती या दिवाळीच्या आत रिकामी करून ठेवायची असे मी आणि मालकांनी ठरवले आहे.